धसकटांचं रान

तुमच्या रानात नांगर गेला, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. गावात काही लपून राहत नाही, मग तुमच्या तिकडं तरी कसं राहील. पण सांगणाऱ्यानं बबन भाऊजींचं नाव घेतलं असेल, तर ते अर्धंच खरं आहे. ट्रॅक्टर तुमच्या भावाचा होता, चालवलाही त्यांनीच. हो मात्र मी म्हटलं होतं.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मूळ गोष्ट राहून जाईल. तुम्ही म्हणायचात ना, हिला पेरणी झाली का विचारलं तर ही आधी सगळी नक्षत्रं मोजून दाखवते.

तुम्ही वैशाखात गेलात, आता श्रावण सरत आलाय. मी रोज संध्याकाळी जनावरांचं आवरून विहिरीच्या वरच्या तुकड्यात येऊन बसते. पाइपलाइन जमिनीवरूनच गेलेली आणि मध्ये ती वाकडी बाभूळ, म्हणून तिथं ट्रॅक्टर वळला नाही. तेवढाच एक तुकडा तुम्ही ठेवला होतात तसा राहिलाय. मागच्या मक्याची कापून उरलेली धसकटं अजून उभी आहेत, खाली पानांचं पाचट कुजत पडलंय, आणि त्यातूनच यंदाचा मका वर आलाय. मी बाकीच्या रानाकडं पाठ करून बसते, कारण तिकडं बघायची मला लाज वाटते. इतकी वर्षं मला ह्या धसकटांची लाज वाटायची, आता तीच बघायला येते.

आपल्याकडं माणसाची पारख उन्हाळ्यातल्या रानावरून होते, हे तुम्हाला मी काय सांगणार. मका निघाला की धसकटं उपटायची, वेचायची, ढीग करून पेटवायची, खोल नांगरट करायची आणि काळं रान उन्हाला तापत ठेवायचं. अक्षय तृतीया आली तरी ज्याच्या रानात धसकटं उभी, तो एक तर आळशी नाहीतर आजारी. तिसरं कारण आपल्या गावाला माहीत नव्हतं.

मला तर ती वेचणी चांगलीच माहीत होती. केडगावची मुलगी मी, घराला नळ होता, दारात पुण्याचा डांबरी रस्ता. लग्न होऊन ह्या खर्ड्याकडच्या डोंगराखाली आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात डोक्यावर पाटी घेऊन धसकटं वेचायला लागले. मक्याचं वाळलेलं धसकट हाताला कसं लागतं, ते वेचणाऱ्या बाईला विचारावं. बोटांना चिरा पडायच्या आणि भाकरी थापताना त्यांत मीठ जायचं. संध्याकाळी तुम्ही खोबरेल घेऊन यायचात, आत्याबाई कुठं आहेत ते आधी बघायचात आणि मग माझी बोटं हातात घ्यायचात. पुढं तुम्ही नांगरट सोडलीत तेव्हा सगळ्यात आधी माझी वेचणी सुटली. तुमच्या त्या खुळाचा पहिला फायदा मला झाला, आणि त्याबद्दल मी तुम्हाला एकदाही बरं म्हटलं नाही. तुम्हीही कधी ऐकवलं नाहीत.

ते खूळ शिरलं कधी, ते आठवतं. पेरून नुकताच मका दोन पानांवर आला होता आणि डोंगराकडून असा पाऊस आला की आपलं उताराचं रान वरून खालपर्यंत सोलून निघालं. तुम्ही तसेच ओढ्याला गेलात. परत आलात ते गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून, आणि अंगणात उभे राहून म्हणालात, "आपल्याच हातानं रान भुसभुशीत करतो आन पावसाला म्हनतो, ने बाबा आता. चोराला कुलूप काढून दिल्यावानी हाय हे." मी म्हटलं, आधी पाय धुवा.

त्यानंतर तुम्ही मोटरसायकल घेऊन कुठं कुठं फिरलात, कुणाकुणाची रानं बघून आलात. एकदाच काय ते गादीवाफे पाडलेत आणि जाहीर केलंत की आता ह्या रानाला लोखंड लागणार नाही. मका गुडघ्याला कापायचा, मुळं जमिनीतच राहू द्यायची, धसकटं उभी आणि पाचट आडवं, आणि पुढचं बी त्याच्याच शेजारी भोक पाडून टोकायचं. पावसाचा थेंब आधी पाचटावर आपटतो आणि मग हळू खाली जातो, पाण्याला धसकटं आडवी येतात, मुळं कुजून जमिनीत भोकं होतात आणि पाणी आत मुरतं. हे मला पाठ झालंय. होणारच, किती वेळा ऐकलं. तुम्ही चांगले होतात, पण भारी बोअर करायचात हो. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला थांबवून गांडुळं दाखवायचात. आपल्या मनीषाच्या लग्नात शेवगावच्या व्याह्यांना पंगतीत मक्याची मुळं समजावून सांगत होतात आणि त्यांच्या पानातली जिलबी तशीच राहिली होती.

आणि माझे ते काचेचे ग्लास. पाहुण्यांसाठी ठेवलेले, फुलं असलेले. त्यांतल्या दोन ग्लासांत पाणी घेऊन तुम्ही एकात भाऊजींच्या नांगरलेल्या रानातलं ढेकूळ सोडायचात आणि एकात आपल्या रानातलं. भाऊजींचं ढेकूळ बघता बघता विरघळून तळाला चिखल व्हायचा. आपलं तसंच राहायचं, पाणी नितळ. भाऊजी हसायचे आणि म्हणायचे, "दादा, तुझं ढेकूळ बी तुझ्यावानीच हट्टी हाय." मी मात्र माझ्या ग्लासांकडं बघत असायचे.

सगळंच काही तुमचं बरोबर नव्हतं, हेही बोलू. वैरणीवरून आपण भांडलो ते मी अजून सोडलेलं नाही. दारात दुभती जनावरं आणि तुम्ही मक्याची एवढी हिरवी ताटं गुडघ्यापर्यंत रानात सोडून देणार. तुम्ही म्हणायचात, रानालाही दावणीला बांधलेलं समज, त्यालाही घास टाकावा लागतो. ऐकायला छान वाटतं, पण धारेला म्हैस कमी द्यायची तेव्हा माप माझ्या हातात असायचं. आणि ते तणनाशक. नांगर सोडलात आणि पाठीवर पंप घेतलात. त्या वासानं माझं डोकं उठायचं. गांडुळांवर एवढा जीव आणि वर हे फवारे, हे मला पटत नाही म्हटलं की तुम्ही गप्प व्हायचात. मागच्या दोन हंगामांत तुम्ही ते कमी करून गवत नुसतं कापून तिथंच पाडायला लागला होतात. पुरतं सुटलं नव्हतं. ह्या भांडणात मी जिंकत आले होते आणि तुम्ही मध्येच उठून गेलात.

आता कंबरेचं सांगते.

तुम्ही नांगरट सोडलीत त्या उन्हाळ्यात अण्णा पहिल्यांदा आला. माझा थोरला भाऊ, केडगावात दोन मजल्यांचं घर, आणि आपलं रान नेमकं रस्त्याला लागून. गाडीतून उतरला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, दाजींचं सगळं बरं चाललंय ना, रान पडून दिसतंय. त्याच्या डोळ्यांत काळजी होती आणि मला ती सहन झाली नाही. ते मुद्दाम तसं ठेवतात, असं सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं की बहीण वेड्याच्या गळ्यात बांधली. म्हणून मी म्हटलं, त्यांची कंबर धरलीय, ट्रॅक्टरवर बसवत नाही.

झालं. एकदा बोललेलं माहेरभर झालं. पुढच्या खेपेला अण्णा तुमच्यासाठी तेल घेऊन आला. ओसरीवर सगळ्यांसमोर बाटली तुमच्या हातात दिली आणि विचारलं, दाजी, कंबर काय म्हणते. मी चुलीपाशी गारठले. तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलंत, मग हळूच हात कंबरेवर ठेवलात आणि म्हणालात, "व्हय, लई दुखती. बसलं की उठवत न्हाई."

तो गेल्यावर मी वाट बघत होते की आता तुम्ही बोलाल. तुम्ही बाटली उलटीसुलटी करून बघितलीत आणि म्हणालात, "तेल चांगलं दिसतंय. म्हशीच्या गुडघ्याला लावू."

त्यानंतर कितीतरी वर्षं, अण्णाची गाडी रस्त्याला दिसली की तुमचा हात कंबरेवर जायचा. त्यानं नगरहून पट्टा आणला तर तुम्ही तो सदऱ्यावरून बांधून दाखवलात. पाण्याची घागर मी उचलायची आणि तुम्ही बघत बसायचात, आणि आत आल्यावर म्हणायचात की आज लई आराम पडला. आपण दोघं हसायचो. पण त्या हसण्याखाली काय होतं, ते तुम्हाला ठाऊक होतं. मी तुमच्या रानाला लाजत होते, आणि तुम्ही ते चालवून घेत होतात. रानातल्या गोष्टीत तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत, पण माझ्या एका खोटेपणासाठी माझ्या माहेरच्यांसमोर आयुष्यभर आजारी राहिलात.

चैत्रात अण्णाच्या मुलाचं लग्न ठरलं. नवी सून आणि तिच्या माहेरची माणसं आपल्याकडं एक दिवस येणार होती. मी तुमच्या मागं लागले की ह्या वर्षी तरी रान मोकळं करा, निदान रस्त्याकडची बाजू. तुम्ही बघू म्हणालात. तुमच्या बघूचा अर्थ मला कळत होता. तेव्हा मी ते बोलले. भाकरी तव्यावर टाकता टाकता बोलले की मला लाज वाटते तुमच्या रानाची.

तुम्ही चिडला नाहीत. ताटातलं पिठलं बोटानं पुसत म्हणालात, "वाटू दे. लाजेनं काय माती वाहून जात न्हाई."

दोन दिवस मी धड बोलले नाही, भांडी आपटत होते. मग पुन्हा बोलायला लागले, पण त्या वाक्याचं काही झालं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही गोठ्यात जातो म्हणून गेलात आणि तिथंच पडलात. माझ्याकडून तुम्ही नेलेलं शेवटचं धड वाक्य ते आहे. बाकी सगळं पाणी तापलं का आणि दूध घालून आलात का, एवढंच.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तुम्हाला ह्या सगळ्याचं हसू यायचं, पण तिथं हसणारं कुणी नव्हतं. ऊन चढायला लागलं. कावळे वडावर बसलेले, खाली येत नव्हते. एकेक जण पुढं होऊन कबूल करू लागला. मनीषाचं सगळं बघू, जनावरं विकणार नाही, वहिनींना अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी बबन भाऊजी पुढं झाले. हात जोडले. म्हणाले, "दादा, तुझं रान पडीक पडू देनार न्हाई. मी बघीन." आणि कावळा खाली आला.

सगळ्यांना वाटलं, तुम्ही हो म्हणालात. भाऊजींना तर ती तुमची आज्ञाच वाटली. पडीक न पडू देणं म्हणजे नांगरणं, दुसरा अर्थ त्यांना कसा सुचणार. तिथं अर्थ माहीत असलेली एकच बाई बसली होती, बायकांच्या घोळक्यात, डोक्यावर पदर घेऊन. मी काही बोलले नाही. तिथंच अण्णा माझ्याजवळ येऊन म्हणाला, कंबरेचं दुखणं शेवटपर्यंत सुटलं नाही ग बिचाऱ्याचं. तेव्हाही मी मान खाली घातली. लोकांना वाटलं रडतेय.

तेराव्याचं गोड जेवण उरकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी दारात आले. उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हणाले की दादाला शब्द दिलाय, रान मोकळं करून देतो, तुमचं काय म्हणणं आहे. गावात पुढं म्हणायला लागले की विचारलं नाही. विचारलं होतं. मी मान हलवली. आणि नुसतीच मान हलवली नाही. मी म्हटलं, "रस्त्याकडची बाजू आधी करा."

हे वाक्य मी कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही.

दोन ट्रॅक्टर आले, भाऊजींचा आणि भावकीतला एक. कुणी डिझेलचं नाव काढलं नाही. मी जावेला सांगून चहाची किटली रानात पाठवली. उन्हं कलल्यावर बांधापर्यंत जाऊन उभी राहिले. तुमचे गादीवाफे फुटले होते, धसकटं उलटी होऊन पडली होती, आणि ट्रॅक्टरच्या मागं बगळे चालत होते. ओल्या मातीतून काहीतरी टिपून गिळत होते. ती तुमची गांडुळं होती. मला ते दिसत होतं, आणि तरी, तुम्हाला खोटं सांगत नाही, मला बरं वाटलं. रस्त्यानं दोन माणसं गेली, थांबून बघितलं आणि म्हणाली, छान झालं रान. मला इतकं बरं वाटलं की मी पदर नीट केला.

ह्याचीच लाज आहे. दुःखात माणसाला सुधरत नाही, दुखवट्यात बाईला बोलता येत नाही, हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. पण दुःखात असलेल्या बाईला रस्त्याकडची बाजू कशी सुचली?

मृगात भाऊजींनी पेरून दिलं; वरच्या तुकड्यात यंत्र जाईना, तिथं मी एकेका धसकटाशेजारी हातानं बी खोचलं. मका वर आला, ओळी सरळ, पाहणाऱ्याचं समाधान व्हावं अशा. मग एका दुपारी डोंगर दिसेनासा झाला. मी गोठ्यात होते. तुम्ही होतात तेव्हा अशा पावसात आपण ओसरीवर बसून चहा प्यायचो आणि तुम्ही म्हणायचात की आज बाकीच्यांचं रान आपल्या बांधाला पाहुणं येणार. वरच्या रानातली माती खरंच आपल्या धसकटांत येऊन बसायची. ह्या वेळी पाहुणी कुणाची आली नाही, आपलीच निघाली. पाऊस उघडल्यावर ओढ्यावर गेले तर पाणी चहाच्या रंगाचं. रानात वासराचा पाय जाईल अशा ओघळी, आणि त्यांच्या काठाला मक्याची रोपं मुळांवर लोंबत होती. बाकीचं बी कुठं गेलं ते ओढ्याला माहीत. विहिरीच्या वरच्या तुकड्यात मात्र पाणी तुंबलं नव्हतं की वाहिलंही नव्हतं. पाचट बाजूला करून बोट घातलं तर आत जाईल तितकं गेलं.

लाजेनं माती वाहून जात नाही म्हणाला होतात. गेली की. लाजेनंच गेली.

मनीषा दुसऱ्याच दिवशी शेवगावहून आली. तिला फोनवर मीच सांगितलं होतं, पण किती सांगितलं? भाऊजी रानातच ओघळीत दगड टाकत उभे होते. ती बांधावरूनच ओरडली, "काका, पप्पांनी इतकी वर्षं ह्या रानाला लोखंड लावलं नव्हतं. निदान आईला तरी विचारायचं होतंत."

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं, एकदाच. मग मान खाली घालून म्हणाले, "चुकलं बाळा माझं."

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, चला, चहा घेऊ सगळे.

तुम्ही अण्णासमोर कंबरेवर हात ठेवलात तेव्हा मला वाचवलंत. भाऊजींनीही तेच केलं. तुमच्या घरातल्या पुरुषांनी माझं झाकायचं आणि मी चहा ठेवायचा, असंच चाललं असतं. पण त्यानंतर भाऊजी आपल्या दारावरून जाईनासे झाले. ओढ्याकडून वळसा घालून जायचे. गावात बोललं जायला लागलं की भावाच्या माघारी भावाचं रान बिघडवलं, मनात काहीतरी असणार. ज्या माणसानं तुमच्या पिंडासमोर हात जोडून शब्द दिला, त्याच्याबद्दल हे बोललं गेलं. मी ते पाणवठ्यावर ऐकलं आणि घागर भरून घरी आले. तिथंही बोलले नाही.

शेवटी तुमच्या ग्लासांनी मला उठवलं. फडताळ आवरताना ते दोन ग्लास हाताला आले. काय वाटलं कोण जाणे, पाणी भरलं, वरच्या तुकड्यातलं एक ढेकूळ आणि नांगरलेल्या रानातलं एक, असं आणून सोडलं. वरच्या तुकड्यातलं होतं तसं राहिलं. नांगरलेल्यातलं कडेनं सुटायला लागलं, पाणी गढूळ झालं, मला वाटलं आता सगळं बसणार. पण बसलं नाही. अर्धं गेलं आणि अर्धं तसंच उभं राहिलं. मी दूध उतू जाईपर्यंत बघत होते. तुम्ही रानात घातलेली सगळी वर्षं मला एका दिवसात घालवता आली नव्हती. तुमचं ढेकूळ खरंच हट्टी होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळं रडले.

तसेच ते ग्लास पदराखाली घेऊन मी भाऊजींच्या घरी गेले. त्यांच्या ओसरीवर ठेवले. जाऊबाई होत्या, शेजारचे दोघंतिघं होते, ते बरंच झालं. मी मनीषाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळ्यांच्या समोर सांगितलं की काकांनी मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं, आणि रस्त्याकडची बाजू आधी करा हेही मीच म्हटलं होतं. ती म्हणाली, "मग त्या दिवशी का गप्प बसलीस?" मी म्हटलं, लाज वाटली. तिनं फोन ठेवला. माझ्याशी ती पुढं आठवडाभर बोलली नाही, पण काकांना तिनं त्याच संध्याकाळी फोन केला. तुमचीच मुलगी आहे.

भाऊजी ग्लासांकडं बघत बसले होते. म्हणाले, "वैनी, मला बी बरंच वाटलं हुतं. दादाचं रान लोकांसारखं दिसलं म्हनून." मग तोंडावर उपरणं घेतलं.

म्हणजे बघा, तुमच्यावर जीव असलेली आम्ही दोन माणसं, आणि दोघांनाही तुमची लाज वाटत होती. तुम्हाला ते माहीत होतं का हो? माहीत असून तुम्ही आम्हाला रोज गांडुळं दाखवत होतात का?

त्यानंतर आम्ही दोघांनी आणि जावेनं मिळून वाहून गेलेल्या जागी पुन्हा मका टोकला. तुमचं टोकणयंत्र गोठ्याच्या आढ्याला होतं. दोन भोकांत किती अंतर ठेवायचं ते मला नीट माहीत नव्हतं, भाऊजींनाही नव्हतं. इतकं ऐकून घेतलं, पण ऐकलं कुठं होतं. मग वरच्या तुकड्यात जाऊन तुमच्या धसकटांमधलं अंतर वितीनं मोजलं आणि तेच धरलं. ओघळींत आडवं गवत आणि दगड घातले. भाऊजी म्हणाले की पुन्हा वाफे पाडावे लागतील, पण हळूहळू, तुम्ही पाडले होते तसे. गेलेली माती काही ह्या जन्मात परत येत नाही. यंदाचा मका कंबरेएवढा आहे, कुठं कुठं टक्कल आहे. तुमच्या तुकड्यातला माझ्या डोक्यावर गेलाय. रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन्ही दिसतं.

काल अण्णा आला होता. चार दिवस माहेरी चल म्हणून न्यायला आला. घरात बसलाच नाही, मला शोधत रानात आला. मी नेहमीच्या जागी होते. माझ्याशेजारी पाचटावर रुमाल टाकून बसला आणि इकडंतिकडं बघून म्हणाला, "हा एवढा तुकडा नांगरायचा राहिलाय ग. दाजींना कंबरेनं काही करू दिलं नाही शेवटी."

मी म्हटलं, "अण्णा, त्यांच्या कंबरेला काही झालं नव्हतं. शेवटपर्यंत ठणठणीत होती. ते रान मुद्दाम असं ठेवायचे. मला तुझ्यासमोर लाज वाटायची, म्हणून मी खोटं सांगितलं."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता हसेल. हसला नाही. तेल आठवलं असेल, पट्टा आठवला असेल. त्यानं विचारलं, "मग माझ्यासमोर कंबरेवर हात ठेवून का चालायचे ते?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

त्याच्याबरोबर मी केडगावला गेले नाही. त्याला सांगितलं की दसऱ्यानंतर ये, तेव्हा मका काढलेला असेल. सगळं रान रस्त्यापर्यंत गुडघ्याएवढ्या धसकटांचं असेल, आणि मी तुला बांधापाशी उभी असलेली दिसेन.